बाईंची गाडी धाप टाकते

बारामती
७ डिसेंबर १९९८

चि. दादासो यास,

आशीर्वाद. हे पत्र तुझ्या चुलतभावाच्या, संभाजी कंडक्टरच्या हाती देते आहे. पोस्टाने इंदापूरला तीन दिवस लागतात, एस.टी.ने दीड तास. फोन मुद्दामच केला नाही. गॅरेजशेजारच्या बूथवर तुला बोलावलं की तू नुसतं ‘व्हय बाई, व्हय बाई’ करतोस आणि फोन ठेवल्यावर मी काय सांगितलं ते विसरतोस. नववीत माझ्या विज्ञानाच्या तासालाही हेच होतं. तेव्हा आता सगळं लेखी.

गाडी बिघडली आहे. रस्ता सपाट, माझा पाय स्थिर, आणि गाडी आपण होऊन पुढे झेपावते. मग कुणी मागून पदर धरावा तशी मंदावते. पुन्हा झेपावते. उभी असली तरी इंजिनाचा आवाज चढतो, उतरतो, चढतो. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा हजारावरून दोन हजारावर जातो आणि परत येतो. ऐकणाऱ्यालाच धाप लागते.

चिंतामणने, माझ्या भावाने, ही गाडी मस्कतहून बोटीने आणली आणि गुडघे धरल्यावर मला देऊन टाकली, हे तुला माहीत आहेच. पंच्याऐंशी सालची जपानी गाडी. कार्ब्युरेटर नाही, पेट्रोल पिचकारीने उडवते आणि ते किती उडवायचं हे एक डबा ठरवतो. इथले मेकॅनिक बॉनेट उघडतात, हळहळतात आणि लावून टाकतात. हात घालणारा तू एकटाच.

आता घाई कसली ते सांगते. दिवाळीत पहिला गचका बसला तेव्हा अनिमेष शेजारी होता. पुण्याला गेल्यापासून त्याचा एकच धोशा: आई, या वयात एकटीने गाडी हाकत फिरू नकोस, माझ्याकडे चल. शेवटी पैज लागली. सतरा जानेवारीच्या रविवारी तो येणार, शेजारी बसणार, बारामती ते इंदापूर आणि परत. एक जरी गचका बसला तर गाडी दलालाला द्यायची आणि मी बिऱ्हाड गुंडाळून त्याच्या फ्लॅटवर जायचं. रागाच्या भरात मी ‘ठरलं’ म्हणून बसले.

माझे शनिवार जातील रे दादासो. डिकीत सूक्ष्मदर्शक आणि लोहचुंबकं भरून मी खेड्यातल्या शाळांत जाते. परवा कन्हेरीत एका पोरीने कांद्याची साल भिंगाखाली पाहिली आणि म्हणाली, ‘बाई, ह्यात तर विटांची भित हाय!’ पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर मला हे कोण म्हणणार आहे? काय करायचं ते लिही.

इंदिराबाई

•

इंदापूर
९ डिसेंबर १९९८

आदरणीय बाईंना दादासो कोकरेचा पाया पडून नमस्कार.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तुमचं अक्षर बघितलं की अजून वही लपवावीशी वाटते.

घाबरू नका. गाडीत दोष नसणार, पेट्रोलात असणार. थंडीचं टाकीत पाणी धरतं आणि पिचकारीच्या गाडीला पाण्याचा थेंब चालत नाही. आमचा ट्रॅक्टर काहीही पितो, ही बया नाजूक. टाकी रिकामी करा, दुसऱ्या पंपावर भरा, पेट्रोलचा फिल्टर बदला. फिल्टर संभाजीकडे दिलाय. तुमच्या सोसायटीचे वॉचमन हिंदुराव गाड्या धुतात, त्यांना सांगा, ते बसवतील, दोनच क्लिपा आहेत.

दसऱ्याला मी सर्व्हिसिंग केलंय, त्याची काळजी नको. त्यात खोट निघणार नाही. एअर क्लीनरची सेवा तर घरच्या ट्रॅक्टरपेक्षा प्रेमानं केली होती. इंदापुरात सगळे मला आता ‘फॉरेनच्या गाडीवाला दादासो’ म्हणतात, ते तुमच्या गाडीमुळंच. तुम्ही पुण्याला गेलात तर माझं नावही जाईल. त्यामुळं तुमची पैज ती माझी पैज.

आपला विद्यार्थी
दादासो

•

बारामती
१४ डिसेंबर १९९८

चि. दादासो,

पेट्रोल बदललं. फिल्टर बदलला. हिंदुरावांनी क्लिपा बसवताना अर्धा तास देवाचं नाव घेतलं. फरक शून्य. म्हणजे तुझं पहिलं अनुमान चूक. वाईट वाटून घेऊ नकोस, चुकीचं अनुमान बाद होणं हीसुद्धा प्रगतीच असते, हे मी तुला नववीत सांगितलं होतं. तू तेव्हा खिडकीतून मेंढरं बघत होतास.

येत्या रविवारी गाडी घेऊन इंदापूरला येते. स्वतः बघ. तुझ्या आईला, साखरबाईंना म्हणावं, चहा कमी गोड.

इंदिराबाई

•

इंदापूर
२१ डिसेंबर १९९८

आदरणीय बाईंना नमस्कार.

काल तुम्ही गेल्यावर मला जेवण गेलं नाही. तुमच्यासमोरच प्लग साफ केले, वायरी तपासल्या, सायकलच्या ट्यूबचा तुकडा कानाला लावून एकेक नळी ऐकली. कुठं हवा चोरून आत जात असेल तर फुसफुस ऐकू येते. साबणाचं पाणीसुद्धा मारलं. कुठंच आत ओढलं गेलं नाही. नळ्या सगळ्या धडधाकट.

मग राहिला तो डबा, कॉम्प्युटरचा. तो गेला असेल तर बाई, माझे हात टेकले. तसला डबा मुंबईत मिळाला तर मिळाला. हे लिहिताना लाज वाटते, पण तुम्हाला खोटं सांगायची हिंमत नाही.

तुम्ही निघताना आई उंबऱ्यात बसून इंजिनाचा आवाज ऐकत होती. तुम्ही गेल्यावर म्हणाली, ‘दादा, बाईच्या गाडीचं नाक बघितलंस का? मेंढरू असं दम टाकाया लागलं की आमी आदी नाकात बोट घालायचो. हितं न्हाय तर तितं, कायतरी अडकल्यालं असतंय.’ मी म्हटलं, आई, ही जपानी गाडी आहे, मेंढरू न्हाय. ती म्हणाली, ‘मंग जपानी नाक बघ.’ म्हातारीचं काय मनावर घ्यायचं.

आणि एक. संभाजी सांगत होता की भिगवणला तुमची गाडी माशांच्या टोपलीत घुसली. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, काल इथं तीन तास बसलात तरी बोलला नाहीत. लागलं बिगलं नाही ना?

आपला
दादासो

•

बारामती
३० डिसेंबर १९९८

चि. दादासो,

संभाजीला सांग, तिकिटं फाडावीत, अफवा फाडू नयेत. टोपलीत नव्हे, टोपलीपर्यंत. बाजारातून हळू चालले होते, गाडीने एकाएकी उसळी घेतली, मी ब्रेक मारला आणि टोपली बंपरला टेकली. मासे आधीच मेलेले होते. तरी ती कोळीण एवढी ओरडली की मला दोन किलो चिलापी घ्यावी लागली. मी शाकाहारी. घरी येईपर्यंत काचा उघड्या ठेवल्या आणि मासे हिंदुरावांना दिले. ते सोडून सगळी सोसायटी माझ्यावर रुसली.

लिहिलं नाही, कारण घाबरले होते. टोपलीच्या जागी पोर असतं तर, हा विचार चार दिवस डोक्यातून गेला नाही. अनिमेषला यातलं अवाक्षर कळता कामा नये. शनिवारी आता एस.टी.ने जाते, सूक्ष्मदर्शक मांडीवर घेऊन. गाडी नीट झाल्याशिवाय तिला शाळेच्या रस्त्यावर न्यायची नाही, हे मी माझ्यापुरतं ठरवलं आहे.

रडत मात्र बसले नाही. रोज दोनदा गाडी काढते, रिकाम्या रस्त्यावर, आणि वहीत नोंद करते. दहा दिवसांचं सार असं: सकाळी सातला पहिले दहा-बारा किलोमीटर हाल बघवत नाहीत. पुढे कमी होतं. दुपारी दोनला काढली तर सुरुवातीपासूनच त्रास निम्मा. ज्या दिवशी थंडी जास्त त्या दिवशी गचके जास्त. पेट्रोल तेच, रस्ता तोच, चालवणारी तीच. बदलते ती फक्त थंडी. तुझा डबा बिघडला असता तर त्याने उन्हातान्हाचा एवढा विचार कशाला केला असता?

यापुढे माझी मती चालत नाही. आज पहाटे इतका गारठा होता की मोरीतलं खोबरेल बाटलीत दगड होऊन बसलं, ते शेगडीजवळ ठेवून मग वेणी घातली. उरले अठरा दिवस. काल पुस्तकांचं कपाट उघडलं आणि पुण्याला कोणती न्यायची ते बघू लागले. मग स्वतःचाच राग आला आणि बंद केलं.

इंदिराबाई

•

इंदापूर
५ जानेवारी १९९९

आदरणीय बाईंना नमस्कार.

गाडी बरी झाली आहे. शनिवारी तुम्ही एस.टी.ने गेला होता तेव्हा मी येऊन गेलो. हिंदुरावांकडून किल्ली घेतली. तुम्हाला भेटायला थांबलो नाही, घाई होती.

तुमचं खोबरेल वाचलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. थंडीत घट्ट होतं, ऊब मिळाली की सैल पडतं, असं ह्या गाडीत काय असेल? तेलकट काहीतरी. इंजिनात हवा जाते त्या वाटेवर एक झडप असते. हवेच्या जोरानं ती उघडते आणि किती उघडली ते तार डब्याला सांगते. डबा तेवढंच पेट्रोल सोडतो. बोट लावून बघितलं तर झडप चिकटत होती. अडायची आणि मग एकदम सुटायची. म्हणजे ती डब्याला खोटं सांगत होती आणि तो बिचारा ऐकत होता. कधी पेट्रोल कमी, कधी जास्त. झडपेवर काळा तेलकट राप बसला होता. पेट्रोलच्या फडक्यानं पुसून काढला. नवा एअर फिल्टर घातला. आता पिसागत हलते.

आईचं नाक खरं निघालं. तिला सांगितलं तर म्हणाली, ‘मंग फी कुणाची, तुजी का माजी?’

चालवून बघा आणि कळवा.

दादासो

•

बारामती
८ जानेवारी १९९९

चि. दादासो,

अरे शाब्बास! तीन सकाळी चालवली. पन्नासवर काटा रंगवून ठेवल्यासारखा. उभी असते तेव्हा तर चालू आहे की बंद, हे बघायला खाली उतरावं लागतं. साखरबाईंना माझा साष्टांग नमस्कार सांग. मी एम.एस्सी. आणि त्यांनी माझ्या आधी ओळखलं.

पण उत्तराला मी अर्धेच गुण देणार. राप होता हे लिहिलंस, राप आला कुठून हे लिहिलं नाहीस. मग मीच शोध लावला. हिंदुराव गाडी धुतल्यावर तेलाचं फडकं फिरवतात, टायर आणि काळं प्लास्टिक चमकावं म्हणून. तेच आत गेलं असणार. काल त्यांना चांगलं फैलावर घेतलं. दिवाळीपासून माझ्या जिवाला घोर लावलात म्हटलं, उद्यापासून गाडीला हात लावायचा नाही. ते बादली उचलून गेले. सहा वर्षं धुताहेत, वाईट मलाही वाटलं, पण करणार काय?

इंदिराबाई

•

इंदापूर
९ जानेवारी १९९९

आदरणीय बाई,

तुमचं पत्र संभाजीनं दुपारी दिलं. हे लगेच लिहितोय, संध्याकाळच्या गाडीनं येईल.

हिंदुरावांची चूक नाही. चूक माझी आहे.

आमच्या ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरला बुडाशी वाटी असते. तिच्यात ऑईल भरतात, धूळ त्यात बसते आणि इंजिनाला साफ हवा जाते. लहानपणापासून मी तेच भरत आलो. दसऱ्याला तुमच्या गाडीचा क्लीनर उघडला तर आत वाटीच सापडली नाही, नुसता कागदाचा फिल्टर, तोही कोरडा ठणठणीत. मला वाटलं, परदेशी लोकांनी कंजुषी केली. बाईंच्या गाडीला कशाला कमी करायचं? मी तो कागद चांगल्या ऑईलात भिजवला आणि बसवून टाकला. प्रेमानं केलं होतं बाई. तेच ऑईल हवेबरोबर आत गेलं, त्यावर धूळ बसली आणि झडप चिकटली.

शनिवारी फिल्टर उचलला आणि बोटं ऑईलनं माखली, तेव्हाच सगळं कळलं. मी फिल्टर पिशवीत लपवून नेला. तुम्हाला भेटायला थांबलो नाही ते घाई म्हणून नव्हे. ‘फॉरेनच्या गाडीवाला’ हे नाव जाईल म्हणून गप्प बसलो. भिगवणची टोपली सारखी डोळ्यांपुढं येते. माझ्या हातून काय झालं असतं!

उद्या सकाळी पहिल्या एस.टी.नं येतोय. तुमच्याकडे नंतर येईन, आधी हिंदुरावांकडे जाईन. गाडी दुसऱ्या कुणाकडे द्यायची असेल तर माझी काही तक्रार नाही.

दादासो

•

बारामती
१२ जानेवारी १९९९

चि. दादासो,

रविवारी तू हिंदुरावांपुढे उभा होतास ते मी गॅलरीतून बघत होते. तू एवढं सगळं सांगितलंस आणि ते एवढंच म्हणाले, ‘मंग आता गाडी धू का नगं, तेवडं सांगा.’ तू गेल्यावर मीही खाली गेले आणि माफी मागितली. शहानिशा न करता माणसावर आळ घेतला. विज्ञानाच्या बाईला हे शोभलं नाही. ते म्हणाले, ‘जाऊ द्या बाई, चिलापी झ्याक हुती.’ आज गाडी आरशासारखी लखलखते आहे.

तुझ्यावर रागावले होते. चूक केलीस म्हणून नाही, पिशवीत लपवलीस म्हणून. एक दिवसभर रागावले, मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. दादासो, चूक सापडल्यावर ती आपलीच निघाली तर माणसं पुरावा बदलतात. मोठमोठी शिकलेली बदलतात. तू आठवड्याभरात लिहून पाठवलंस. गाडी दुसऱ्या कुणाकडे देणार नाही. मात्र यापुढे गाडीच्या डिकीत तिचं जे माहितीपुस्तक आहे ते घेऊन जा. इंग्रजी आहे, आपण बसून वाचू.

रविवारी सकाळी आम्ही निघतो. इंदापुरात गाठ पडेल.

इंदिराबाई

•

इंदापूर
१५ जानेवारी १९९९

आदरणीय बाईंना नमस्कार.

सोबत आईनं तिळाच्या वड्या पाठवल्या आहेत. हिंदुरावांना अर्ध्या द्याव्यात.

रविवारी गॅरेज उघडं ठेवतो. अनिमेषदादांसाठी खुर्ची आणली आहे. इंदापूरच्या फाट्यावर उभा राहून लांबूनच आवाज ऐकणार. मला झोप नाही. तुमचं पुस्तकांचं कपाट उघडू नका.

तुमचा
दादासो

•

बारामती
१८ जानेवारी १९९९

चि. दादासो,

काल तू दिवस मावळेपर्यंत फाट्यावर उभा होतास असं संभाजी म्हणाला. आम्ही इंदापूरला आलोच नाही. गाडी बंद पडली असं तुला वाटलं असेल. तसं काही नाही, हे आधी सांगून टाकते.

सकाळी साडेसातला निघालो. थंडी कडक होती, मी मुद्दामच तीच वेळ धरली. भिगवणवरून हायवेने यायचं ठरलं होतं. पन्नासवर काटा ठेवला. अनिमेष काट्याकडे बघत होता, मी रस्त्याकडे. भिगवणपर्यंत गाडी अशी गेली की तो काटा सोडून खिडकीबाहेर बघू लागला. मासळीबाजारातून जाताना ती कोळीण मला बघून टोपली आवरू लागली, तेवढा एकच बाका प्रसंग आला.

हायवेला चहाला थांबलो. अनिमेष म्हणाला, ‘आई, गाडी फर्स्ट क्लास झालीय. आता तर दलाल हातोहात घेईल.’

मी कप खाली ठेवला. ‘नीट चालली तर मी राहणार, असं ठरलं होतं.’

‘आज चालली गं. पण उद्या?’

दादासो, मला आधी संताप आला. मग वाटलं, हा बरोबरच बोलतोय. चौदा वर्षांच्या गाडीचं उद्याचं कोण सांगणार? तू नाही, मी नाही, साखरबाईही नाहीत. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की दिवाळीपासून मी या पोराशी फक्त गाडीबद्दल भांडते आहे. खरी गोष्ट एकदाही बोलले नाही. मी म्हटलं, ‘अनिमेष, उद्या ही बंद पडली, भंगारात गेली तरी मी बारामतीतच राहणार आहे. गाडी नसेल तर एस.टी.ने जाईन. मला इथं राहायचंय. मला इथं आवडतं.’

तो बशीतला चहा फिरवत बसला. मग म्हणाला, ‘बाबा गेल्यापासून तुझा फोन लागला नाही की मी रात्रभर नंबर फिरवत बसतो. तुला कसं सांगू?’ एवढा मोठा माणूस, दोन मुलींचा बाप, टपरीवर सगळ्यांसमोर डोळे पुसत होता. माझेही भरून आले. म्हटलं, ‘मग येत जा की महिन्यातून एकदा. न्यायला नको, भेटायला.’ तो ‘येईन’ म्हणाला. मग मी त्याला टोपलीची गोष्टही सांगून टाकली. आधी पांढरा पडला, मग चिलापीशी आल्यावर इतका हसला की चहावाला बाहेर येऊन बघू लागला.

तिथूनच परत फिरलो. कारण उठताना त्याने चाचरत विचारलं, ‘आई, येताना मी चालवू?’ त्याच्याकडे लायसन्स आहे, पण पुण्यात तो स्कूटरच्या पलीकडे गेलेला नाही, हे मला कालच कळलं. हायवेवर त्याच्या हाती गाडी देण्याचं माझं धाडस नव्हतं. बारामतीच्या रस्त्याला लागल्यावर किल्ली दिली. चार वेळा बंद पाडली. क्लच असा सोडत होता की माझा चष्मा दोनदा मांडीवर पडला. बारामती येईपर्यंत सारा रस्ता गचके. मध्येच घामाघूम होऊन म्हणाला, ‘गाडी परत धाप टाकतेय का गं?’

मी म्हटलं, ‘नाही रे बाळा, गाडी उत्तम आहे. तू चालव.’

इंदिराबाई